तो कंदील नक्की कोणाच्या हातात होता?

प्रश्न बराच लांब होता, म्हणून बाकीच्यांसाठी आधी तो थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताईंना दोन मुलं आहेत, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा. रात्री मुलं झोपली की त्या लिहायला बसतात. कधी घरातलं रोजचं लिहितात, कधी त्या जिथे वाढल्या त्या गावातलं. हे लिखाण नातेवाईक वाचतात, मैत्रिणी वाचतात, काही अनोळखी माणसंही वाचतात. अडचणी तीन आहेत. सहा वर्षांच्या असताना एका पावसाळी रात्री दिवे गेले आणि बाबा कंदील घेऊन जिन्यात उभे राहिले, असं त्यांनी लिहिलं. ते वाचून दादाचा फोन आला की त्या रात्री बाबा घरी नव्हतेच, काका होते. दुसरं म्हणजे परवा लेकीनं विचारलं, "माझ्याबद्दल तू सगळ्यांना का सांगतेस?" आणि तिसरं त्यांच्याच शब्दांत देते: "माझं सगळं लिखाण गोडमिट्ट होतं. वाचून मलाच कंटाळा येतो."

ताई, मी गेली बावीस वर्षं हेच काम करते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, ते उतरवून घ्यायचं, आणि कुणी आई आपली वही घेऊन आली की तिच्याबरोबर बसून ती वाचायची. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यातच पहिल्याचं निम्मं उत्तर आहे.

तुम्ही पाठवलेला उतारा मी पेन्सिल हातात घेऊन वाचला. अडीच पानांत 'असायचं', 'जायचो', 'बसायची', 'व्हायचं' अशी रूपं एकतीस वेळा आली आहेत. मी मोजली. हा दोष तुमचा एकटीचा नाही, मराठीत बालपणाबद्दल लिहायला बसलेल्या दहातल्या नऊ जणांचं हेच होतं. नेहमी घडणाऱ्या गोष्टी सांगायला हे रूप आपल्याला आयतं मिळालंय आणि ते फार मऊ आहे. एकदा त्यात शिरलं की बाहेर यावंसं वाटत नाही. 'दुपारी सगळं गाव झोपायचं. आम्ही मुलं जिन्याखाली लपायचो. आजी रागवायची.' यात चूक काहीच नाही, पण काही घडतही नाही. शंभर दुपारी एकमेकींवर ठेवून वरून पाहिल्या तर जे धूसर दिसेल तेच इथं दिसतं. त्या धुसरपणालाच तुम्ही गोडवा म्हणताय.

आता फोनवर तुम्ही मला काय सांगितलंत ते आठवा. "एकदा मी जिन्याखाली दम धरून बसले होते. आजी आली, खाली वाकलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, चप्पल बाहेर दिसतेय." हे वाक्य तुमच्या अडीच पानांत नाही. मी विचारलं, लिहिलं का नाहीत, तर तुम्ही म्हणालात, "त्यात काय एवढं!" अहो, त्यातच तर सगळं आहे. आजीचा स्वभाव, तिचं वय, न वाकण्याचं कारण, लपलेल्या मुलीचा फजितवाडा, सगळं त्या चपलेत आलं. बोलताना तुम्ही 'एकदा' म्हणता आणि लिहिताना 'नेहमी'. हा फरक धरून ठेवा. 'असायचं' पूर्ण टाकून द्यायची गरज नाही, जमीन सारवून घ्यायला ते लागतंच. पण एक-दोन वाक्यांत सारवण संपवा आणि त्या जमिनीवर एका ठरावीक दिवसाला चालू द्या.

विशेषणांचंही बघा. 'निरागस हसू', 'इवलेसे हात', 'मंतरलेले दिवस', 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या' हे शब्द इतक्या जणांनी वापरलेत की ते आता कोणाचेच राहिले नाहीत. 'निरागस' हा शब्द तर मी माझ्या कार्यशाळेत बंदच केलाय. एका बाईंनी वैतागून विचारलं, मग मुलाला काय म्हणू? म्हटलं, त्याचं नाव घ्या आणि त्यानं काय केलं ते सांगा.

आणि गावाच्या आठवणी मुळात गोड असतात, हे कोणी ठरवलं? ज्याला इंग्रजीत नॉस्टॅल्जिया म्हणतात तो शब्द योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली आपल्या प्रबंधासाठी घडवला, तोही एका आजाराचं नाव म्हणून. घराकडे परतणं आणि वेदना या अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्यानं जोडले. घरापासून लांब राहणाऱ्यांना झोप लागेना, अन्न जाईना, अशा रोग्यांबद्दल तो लिहीत होता. त्यातली वेदना पुढं गळून पडली आणि नुसता गोड पाक उरला. तुमच्या उताऱ्यातही गाव सोडताना काय दुखलं, कोणाशी बोलणं राहिलं, कोणत्या दारासमोरून जायला तुम्ही घाबरत होतात, यातलं काहीच नाही. ते एकदा येऊ द्या. सगळं लोकांपुढं ठेवायलाच हवं असं नाही, निदान स्वतःच्या कागदावर तरी.

रोजच्या घराबद्दल तुम्ही म्हणता, "दिवसभरात लिहिण्यासारखं काही घडतच नाही." घडतं, पण संध्याकाळपर्यंत उडून जातं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या आणि त्या किती टिकतात हे मोजलं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो आणि दिवसभरानं साधारण एकतृतीयांशच हाती राहतं, असं त्याला आढळलं. मुलाचं बोलणं निरर्थक नसतं हे खरं, पण त्यातले नेमके शब्द जवळजवळ तसेच निसटतात. अर्थ लक्षात राहतो आणि शब्द आपण आपले घालतो.

म्हणून माझा एकच आग्रह: स्वयंपाकघरात एक छोटी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. दोरी अशासाठी की पेन्सिल मुलं नेतात. रोज जास्तीत जास्त पाच ओळी. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. मत नको, विशेषण नको. माझ्याकडे येणाऱ्या एका आईच्या वहीतली एक नोंद तिच्या परवानगीनं देते:

"मंगळवार, रात्री ९.४०. दिवा बंद केला. दोन मिनिटांनी: 'आई, दिवा बंद केल्यावर मी कुठे जातो?' इथेच असतोस म्हटलं. 'मग दिसत का नाही?' बाहेरून पाण्याच्या टाकीचा आवाज. 'मुंगी मरली' आज पुन्हा म्हणाला. दुरुस्त केलं नाही."

हा 'मरली' नीट बघा. तीन-चार वर्षांची मुलं भाषेचा नियम स्वतः शोधतात आणि मग सगळीकडे लावत सुटतात. 'केलं' ऐवजी 'करलं', 'मेली' ऐवजी 'मरली'. त्यांच्या हिशेबानं ती बरोबरच असतात, बेशिस्त आपली भाषा असते. हे रूप काही काळ राहतं आणि एक दिवस जातं. कोणत्या दिवशी गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. दात पडला की आपण जपून ठेवतो, 'करलं' गेलं तर पत्ताही लागत नाही. तुमचा मुलगा आत्ता तीनचा आहे, म्हणजे तुमच्या हातात फार तर वर्ष-दीड वर्ष आहे. गावचं नंतर लिहा, ते तसंही पस्तीस वर्षं थांबलंय.

आणखी एक कारण आहे घाईचं. एमरी विद्यापीठात पॅट्रिशिया बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांच्या आयांना मुलांशी नुकत्याच घडलेल्या गोष्टींबद्दल बोलायला लावलं आणि ते ध्वनिमुद्रित केलं. कुठंतरी फिरायला जाणं, वाढदिवस, अशा गोष्टी. पुढं त्याच मुलांना वेगवेगळ्या वयात त्याच गोष्टी विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून जास्त घटना आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्केही नाहीत. म्हणजे आत्ता जे तुमच्या मुलाला चांगलं आठवतं त्यातलं बरंच काही तो तिसरी-चौथीत जाईपर्यंत पुसलं जाईल. मोठेपणी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते. तो आज अंगणात तुमच्या पायाला धरून जे काही म्हणतोय, त्याची उद्याची साक्षीदार एकट्या तुम्ही आहात.

यात एक बरी बाजूही आहे. ज्या घरात आई-वडील घडलेल्या गोष्टींवर मुलाशी ऐसपैस बोलतात, त्या घरातल्या मुलांच्या आठवणी जास्त भरगच्च असतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. ऐसपैस म्हणजे "आज मज्जा आली ना?" असं नव्हे. त्याचं उत्तर 'हो' येतं आणि बोलणं संपतं. "तो कुत्रा भुंकला तेव्हा तू कुठं उभा होतास?" असं विचारा. मग तो उठून उभं राहून दाखवेल.

फोटोंबद्दल थोडक्यात. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात नेलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या पाहायला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असं दिसलं की अख्ख्या वस्तूचा फोटो काढला की तिचे तपशील कमी लक्षात राहतात, पण तिच्या एखाद्याच भागावर झूम केलं तर आठवण तशी ढळत नाही. मी यातून एवढंच घेते: मुलाचा अख्खा फोटो रोज काढण्यापेक्षा त्याच्या चपलेचा तुटलेला बंद काढा आणि खाली एक ओळ लिहा. जुन्या छापील फोटोंच्या मागं लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचे वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतात. डावीकडून उजवीकडे नावं, आणि 'बहुतेक' असेल तिथं 'बहुतेक' लिहा.

आता दादा आणि कंदील.

जीन पियाजे हे नाव तुम्ही बालमानसशास्त्राच्या संदर्भात ऐकलं असेल. त्याला स्वतःच्या दुसऱ्या वर्षातली एक आठवण लख्ख होती. पॅरिसमध्ये दाईनं त्याला बाबागाडीतून फिरायला नेलेलं, एक माणूस त्याला पळवू पाहतो, दाई झटापट करते, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, मग पोलीस येतो. ते ओरखडेसुद्धा त्याला दिसत असत. तो पंधराएक वर्षांचा असताना त्या दाईचं त्याच्या आई-वडिलांना पत्र आलं. तिनं कबूल केलं होतं की तो सगळा प्रसंग तिनं रचला होता, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळही तिनं परत केलं. म्हणजे त्याला जे दिसत होतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. लहानपणी घरात ती कथा इतक्यांदा ऐकली की कानातलं डोळ्यांत उतरलं.

तुम्ही म्हणाल, दोन वर्षांच्या मुलाचं सोडा. मग मोठ्या माणसांचं ऐका. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात फुटलं. उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठं होता, कोणी सांगितली, काय करत होता. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. ११ जणांचं सगळंच चुकलं होतं. पण मला या अभ्यासातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही त्यांना जुनी आठवण परत आली नाही. काहींना तो कागदच चुकीचा वाटला.

म्हणून तुम्ही खोटं लिहिलं असं मुळीच नाही. आणि दादा बरोबर आहे हेही नक्की नाही, तोही त्या रात्री दहा वर्षांचाच होता ना? त्याचा आवाज ठाम आहे एवढ्यावर जाऊ नका. या सगळ्या अभ्यासांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते की आठवणीचा ठामपणा आणि तिचा खरेपणा हे दोघं हातात हात घालून चालतातच असं नाही. आमच्या घरी माझी आत्या सगळ्यात ठाम असायची. तिचं काय-काय चुकलं होतं ते आम्हाला तिच्या माघारी पत्रांचा गठ्ठा उघडल्यावर कळलं.

आता हे लिहायचं कसं, तर मराठीनं आपल्याला दोन हत्यारं फुकट दिली आहेत आणि आपण ती बोलताना वापरतो, लिहिताना टाकून देतो. एक 'म्हणे'. "मी म्हणे लहानपणी कोणाकडेच जात नसे." या एका शब्दानं वाचणाऱ्याला कळतं की हे ऐकीव आहे. दुसरं 'असावं', 'असणार'. "बाबा तेव्हा बाहेरगावी असावेत." इथं कळतं की हा तर्क आहे. आणि या दोन्ही खुणा नसलेलं वाक्य म्हणजे डोळ्यांदेखतचं. "कंदिलाची काच एका बाजूनं काळी होती." पाहिलेलं, ऐकलेलं आणि तर्कानं जोडलेलं असे तीन धागे वेगळे ठेवलेत की निम्मी भांडणं होतच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आपल्याच उताऱ्यावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी रेघा मारायला लावते. बहुतेकांना धक्का बसतो, पाहिलेल्याचा रंग दहा ओळींत दोनदाच दिसतो. पण त्याच दोन ओळी वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात.

तुमच्या प्रसंगात पाहिलेलं काय, ते मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, काळी काच, जिन्याच्या कठड्याची भिंतीवर हलणारी सावली आणि ओल्या भिंतीचा वास. माणसाचा चेहरा? तुम्ही जरा थांबलात आणि म्हणालात, "चेहरा नाही आठवत. हात आठवतो." तर मग हातच लिहा. 'कंदील धरलेला हात मला दिसतो. इतकी वर्षं तो बाबांचा आहे असं मी धरून चालले. दादा म्हणतो, काकांचा होता.' तुमच्या मूळ परिच्छेदापेक्षा हा मला कितीतरी जिवंत वाटतो, कारण त्यात आता एक प्रश्न आहे. सहा वर्षांच्या मुलीला त्या जिन्यात बाबाच का हवे होते? हा माझा तर्क झाला, तुम्हाला पटला नाही तर सोडून द्या.

आई आहे तुमची, तिला विचारा. पण विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती पाळली नाही तर ती साक्षही हातची जाते. "बाबा होते ना गं त्या रात्री?" असं विचारलंत तर ती 'हो' म्हणेल, आणि पुढच्या आठवड्यात तिला ते खरंच आठवायला लागेल. एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकारी जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ साली २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी वाचायला दिल्या. तीन घरच्यांनी सांगितलेल्या खऱ्या होत्या आणि चौथी, बाजारसंकुलात हरवल्याची, बनावट होती. सहा जणांना ती बनावट गोष्ट थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'. घरच्या माणसांच्या तोंडून आलेली गोष्ट इतकी सहज रुजते. म्हणून दादानं आईला फोन करायच्या आत तुम्ही तिच्यापाशी बसा, दोघी वेगळ्या. नाव कोणाचंच घेऊ नका.

म्हाताऱ्या माणसांना "तुमचं लहानपण कसं होतं?" असं तर कधीच विचारू नका. "होतं आपलं, चाललं होतं" एवढंच उत्तर मिळतं. ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या, नातवानं आणून बसवलेल्या. "मला काही आठवत नाही गं बाई" हे त्यांनी तीन वेळा सांगून झालं होतं. मी कागद पुढं सरकवला आणि म्हटलं, घराचं दार कुठं होतं तेवढी रेघ मारा. त्यांनी रेघ मारली. दारासमोर काय? पायऱ्या. किती? त्यांनी पेन्सिलीनं चार आडव्या रेघा काढल्या आणि तिसरीवर टोक आपटत राहिल्या. "ही. ही बाकीच्यांपेक्षा उंच होती. नवीन माणूस हमखास ठेचकाळायचं. मी पहिल्यांदा आले तेव्हा ठेचकाळले, तर सासरे आतून म्हणाले, आता घरची झालीस." मग पुढं दीड तास त्या थांबल्या नाहीत. उजव्या हाताला कोनाडा, कोनाड्यात चाव्या, चाव्यांवरून जावेशी झालेलं भांडण. नातू दारात उभा राहून ऐकत होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तेव्हा आईला घराचा नकाशा काढायला सांगा. जिना आला की थांबा. "दिवे गेले की इथं कोण कंदील घेऊन यायचं?" इतकंच. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवा, पण तिला सांगून. गप्प बसायची सवय करा. ती थांबली की आपल्याला लगेच बोलावंसं वाटतं, पण दहा सेकंद कळ काढा. चांगलं ते बहुतेक त्या दहा सेकंदांनंतरच येतं. आणि ती चुकली तरी मध्येच दुरुस्त करू नका, 'मुंगी मरली' तेव्हा त्या आईनं तरी कुठं दुरुस्त केलं!

लेकीच्या प्रश्नावर मी सगळ्यात शेवटी आले, कारण त्यावर बोलणं मला जड जातं.

माझ्या मुलाला सातव्या वर्षापर्यंत अंधाराची भीती वाटत होती. त्यावर मी एक लेख लिहिला, एका अंकात छापून आला. लोकांना आवडला, पत्रं आली. वर्गातल्या एका मुलाच्या आईनं तो वाचला आणि घरी हसत हसत सांगितला असावा. पुढं दोन महिने त्याला वर्गात 'बॅटरी' म्हणत होते. तो मला एका शब्दानं बोलला नाही. मला हे दीड वर्षानं कळलं, तेही त्याच्या मित्राकडून. तोवर माझ्या एवढंच लक्षात आलं होतं की रात्री अंथरुणात पडल्यावर तो जे दिवसभराचं सांगत असे ते बंद झालंय. मी धरून चालले की मोठा झाला. आज तो सव्वीस वर्षांचा आहे. हा परिच्छेद त्याला दाखवून मगच इथं टाकतेय. 'बॅटरी' शब्द ठेवू का, विचारलं. म्हणाला, ठेव.

तुमची लेक तुम्हाला विचारतेय, ही चांगली खूण आहे, माझ्या मुलानं विचारलंही नव्हतं. तिला "अगं, लोकांना किती आवडतं!" असं उत्तर देऊ नका. तिनं लोकांबद्दल विचारलेलं नाही. आजवर तिच्याबद्दल जे जे लोकांपुढं ठेवलंत ते तिच्यासोबत बसून वाचा आणि ती म्हणेल ते काढून टाका. का काढायचं याचं कारण तिनं द्यायला हवं असं नाही. तुमचा जीव तुटेल, एखादा फार छान परिच्छेद जाईल. जाऊ द्या, वहीत तर तो राहतोच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात १६वं कलम मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे आणि १२वं कलम त्यांच्याशी संबंधित बाबीत त्यांचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीला कलमं सांगायची गरज नाही, तिला ती न वाचताच कळली आहेत.

पुढच्यासाठी मी स्वतःपुरती एक चाळणी ठेवली आहे. हे वाक्य लेक चौदा वर्षांची असताना वर्गात कोणी मोठ्यानं वाचलं तर? आजारपण, अंगाशी संबंधित काहीही, रडणं, मार्क, भीती, मैत्रिणींशी भांडण हे सगळं त्या चाळणीत अडकतं. शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, ती किती वाजता कुठं असते, हे तर चाळणीपर्यंत येताच कामा नये, ते सुरक्षेचं आहे. मग उरतं काय? तुम्ही उरता. बहुतेक आया इथं दचकतात. मुलीच्या रडण्यावर तीन पानं लिहितात आणि त्या वेळी आपण काय करत होतो यावर एक ओळ नाही. ती रडत असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेतलंत का? फोन उघडलात का? आपल्या आईसारखा आवाज आपल्या तोंडून निघाला आणि आपणच चमकलो, असं झालं का? ते लिहा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, लाज मात्र वाटते, आणि मला वाटतं गोडमिट्टपणावर तेवढं एकच औषध आहे.

मुलाचं काय, तो तीनच वर्षांचा आहे, त्याला विचारून उपयोग नाही. त्याच्याबद्दल वहीत भरपूर लिहा आणि बाहेर हात आखडता ठेवा. तो नऊ वर्षांचा झाला की ती वही त्याला वाचून दाखवा. त्याला स्वतःचं 'करलं' ऐकून हसू येतं का बघा.

सासूबाई, जाऊबाई वाचतात म्हणून मोकळेपणानं लिहिता येत नाही, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. त्यावर युक्ती नाही. ज्यांच्याशी उद्या सकाळी एकाच ओट्यापाशी उभं राहायचंय त्यांच्याबद्दल आज रात्री लोकांपुढं लिहू नये, एवढंच मी शिकले. दहा वर्षांनी लिहा, तोवर बाजूही बदललेली असते.

जतन करण्याबद्दल: आईचं ध्वनिमुद्रण त्याच रात्री दुसऱ्या ठिकाणी उतरवून ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि कोण बोलतंय ते घाला, आणि जे खरंच राहावंसं वाटतं ते कागदावर छापून घ्या. फोन हरवतात. माझा हरवला होता, त्यात एका आजोबांचा चाळीस मिनिटांचा आवाज होता.

आईकडे कधी जाताय? जिना तिनं काढेपर्यंत कंदिलाचं नाव काढू नका. आणि तिनं तिसऱ्याच कुणाचं नाव घेतलं तर मला आधी कळवा, दादाला नंतर.